नवतपा लागण्याआधी घरात स्मोक अलार्म बसवा!



आज रात्री आडवे व्हाल तेव्हा एकदा छताकडे बघा. पंखा दिसेल, दिवा दिसेल. मध्यरात्री घरात धूर भरू लागला, तर तुम्हाला उठवील असे तिथे काही आहे का? नसेल, तर स्मोक अलार्म बसवा आणि नवतपा लागण्याआधी बसवा. ही कळकळीची विनंती आहे.

भंडारा आपल्या नागपूरच्या शेजारचे. 9 जानेवारी 2021 रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, तिथल्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली. परिचारिकेने दार उघडले तेव्हा आत धूर कोंडला होता. 17 बाळांपैकी 7 वाचली, 10 गेली. तिथे निदान कुणीतरी जागे होते. आपल्या घरात त्या वेळी कोण जागे असते?

धुराच्या वासाने आपोआप जाग येईल, या भरवशावर राहू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो आणि त्याने गुंगी येते. कानाला मात्र झोपेतही मोठा आवाज ऐकू येतो.

त्यात आपला उन्हाळा! रात्रभर कूलर घरघरत असतो, दारे लावलेली असतात, हॉलमध्ये ई-स्कूटरची बॅटरी चार्जिंगला असते. तिथे काही पेटले तरी आतल्या खोलीत चाहूल लागत नाही. म्हणून हॉलमध्ये एकच अलार्म लावून भागत नाही. झोपायच्या प्रत्येक खोलीत एक, त्या खोल्यांच्या बाहेर एक आणि घर दुमजली असेल तर प्रत्येक मजल्यावर एक हवा. एक वाजला की सगळे वाजतात, असे जोडलेले अलार्म मिळाले तर उत्तम.

अलार्म छतावर लावा. पंख्याच्या पात्यांच्या टोकापासून निदान 3 फूट दूर. कूलरच्या झोतात किंवा अगदी कोपऱ्यात नको. शेगडीपासून 10 फूट अंतर ठेवा, देवघराच्या डोक्यावर लावू नका. नाहीतर फोडणी दिली की तो वाजतो, धूप लावला की वाजतो. मग वैतागून कुणीतरी स्टुलावर चढून सेल काढतो आणि तो परत बसवायचा राहून जातो. असा अलार्म असून नसल्यासारखा. उगाच वाजत असेल तर त्याची जागा बदला, सेल काढू नका.

दर महिन्याच्या 1 तारखेला त्याचे बटण दाबून बघा. एकदा तरी आजी-आजोबांच्या खोलीचे दार लावून, कूलर पूर्ण वेगात ठेवून हॉलमधला अलार्म वाजवा आणि त्यांना ऐकू आला का, ते विचारा. दिवाळीच्या साफसफाईत जाळीवरची धूळ पुसा, सेल नवा घाला. थांबून थांबून ‘टिक’ वाजू लागले, तर सेल संपत आलाय असे समजा. घराला रंग देताना अलार्मवर ब्रश फिरवू देऊ नका. मागे छापलेल्या तारखेपासून 10 वर्षे झाली की तो बदला. आणि हे लक्षात ठेवा: गॅस गळतीची सूचना स्मोक अलार्म देत नाही, त्यासाठी वेगळे यंत्र लागते.

अलार्म वाजला की सामान गोळा करत बसू नका. धूर असेल तर खाली वाकून, गरज पडली तर रांगत बाहेर पडा. मागे दार ओढून घ्या, लिफ्ट टाळा, 101 ला फोन करा. खिडकीत कूलर आणि गॅलरीला पक्की ग्रिल असेल, तर बाहेर पडायची वाट आजच ठरवा. ग्रिलला उघडणारी झडप करून घ्या, तिची चावी कुठे असते, ते सगळ्यांना माहीत असू द्या.

देशभरातले अग्निशमन अधिकारी ज्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात शिकतात, ते 1957 पासून आपल्या नागपुरात आहे. आग विझवायला शिकवणाऱ्या या शहरात धुराची वर्दी घरोघरी वेळेवर मिळायलाच हवी.

एकदम सगळे घेणे जमत नसेल, तर एकापासून सुरुवात करा. तो पहिला अलार्म घरातली म्हातारी माणसे आणि लेकरे झोपतात त्या खोलीत लावा. येत्या रविवारीच लावा.