कट कुठे मारायचा?

रामनवमीची सुट्टी तुम्ही कशी घालवलीत? मॉलमध्ये? लोळून? अस्मादिक होते पोहरादेवीला! ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा मित्र वाशीम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यातला, तांड्यावर वाढलेला. ‘थ्रिलर बघत रात्री जागवतोस, एकदा आमची यात्रा बघ,’ म्हणाला. मग काय, बॅग उचलली आणि निघालो.

पोहरादेवी म्हणजे बंजारा समाजाची काशी. संत सेवालाल महाराजांची समाधी, जगदंबेचं मंदिर, २०२४ साली उघडलेलं नगाऱ्याच्या आकाराचं संग्रहालय आणि रामनवमीला नजर पोचेल तिथवर माणसंच माणसं. मी मोबाइल काढला आणि जे दिसेल ते शूट करत सुटलो. आणि त्याच गर्दीत मित्राची पाच वर्षांची पुतणी हरवली.

घाबरू नका, सापडली. बारा मिनिटांत. दुसऱ्या कुठल्याशा तांड्यावरच्या एका आजीनं तिला मांडीवर घेऊन बसवलं होतं आणि भोंग्यावरून तिचं नाव पुकारलं जात होतं. पण ती बारा मिनिटं...

पुण्याला परतल्यावर फुटेज लॅपटॉपवर टाकलं आणि चाटच पडलो. सगळं रेकॉर्ड झालं होतं! वहिनी बांगड्यांच्या दुकानात घासाघीस करतायत, शेजारी पोरगी उभी आहे. मग मी कॅमेरा कळसाकडे वळवला. परत खाली आणला, तर जागा रिकामी. त्यानंतर मी फोन तसाच खिशात कोंबलेला. स्क्रीन काळी, आवाज मात्र चालू. वहिनींच्या हाका, नगारा, भोंगा.

मनात म्हटलं, बॉस, हा तर तयार थ्रिलर! रात्री दोनपर्यंत जागून एडिट केलं. एकेका सेकंदाचे तुकडे, धाडधाड कट्स, खाली ढोल. सकाळी पाहिलं तर एखाद्या गाडीची जाहिरात वाटत होती. भीती? शून्य.

मग आठवला ‘शोले’. १९७५ च्या या सिनेमाला फिल्मफेअर मिळालं ते फक्त एक, संकलनाचं, एम. एस. शिंदे यांना. ठाकूरच्या कुटुंबाच्या हत्येचा सीन आठवा. गोळ्या सुटतात, माणसं पडतात आणि चित्र जागच्या जागी गोठतं. मग शांतता. कुरकुरणारा झोका. गब्बर आणि ते लहान पोर समोरासमोर. शिंदे घाई करत नाहीत. आपल्याला पुढचं कळलेलं असतं, तरी ते आपल्याला थांबवून ठेवतात. गब्बर बंदूक उचलतो, आवाज होतो आणि थेट आगगाडी! मूल मरताना आपण पाहतच नाही. सचिन पिळगावकरचा अहमद आठवतोय? तिथेही तेच. गब्बर हातावरचा मुंगळा चिरडतो आणि पुढे दिसतं ते थेट घोड्यावरून परत आलेलं प्रेत. मधलं सगळं आपणच मनात भरतो, आणि ते पडद्यावर दाखवण्यापेक्षा भयंकर असतं.

म्हणजे टेन्शन कटच्या स्पीडमध्ये नसतंच. ते असतं कुणाला काय माहीत आहे यात. हिचकॉकनं फ्रान्स्वा त्रुफोला हेच सांगितलं होतं. टेबलाखालचा बॉम्ब अचानक फुटला, तर प्रेक्षक पंधरा सेकंद दचकतो. तोच बॉम्ब त्याला आधी दाखवा आणि टेबलावरच्या मंडळींना निवांत गप्पा मारू द्या, तो पंधरा मिनिटं खुर्चीला घट्ट धरून बसेल. आपल्या पुण्यात घडणारा श्रीराम राघवनचा ‘अंधाधुन’ (२०१८) घ्या. फ्लॅटमध्ये प्रेत पडलंय, आकाशला ते दिसतंय, आपल्याला हे ठाऊक आहे. सिमीला मात्र तो आंधळा वाटतोय. संकलक पूजा लढा सुरती चेहऱ्यावरून प्रेताकडे आणि परत पियानोकडे जातात, पण सूर तुटू देत नाहीत. पियानो थांबला की संपलंच, ही धास्ती आपण आपल्याच छातीत मोजत राहतो.

परत फुटेजकडे वळलो. फ्रेमच्या अगदी कोपऱ्यात, फक्त दोन सेकंद, पोरगी फुगेवाल्याच्या मागे जाताना दिसत होती. शूट करताना माझ्या लक्षातही आलं नव्हतं! तो तुकडा आधी लावला. त्यानंतर वहिनींची घासाघीस, अख्खी, एकही कट न मारता. मग ती रिकामी जागा, चार सेकंद. मग काळी स्क्रीन आणि फक्त हाका. ढोल काढून टाकला. स्वतःच पाहिलं आणि हातापायाला घाम फुटला. जमलं होतं!

पुढच्या महिन्यात वहिनी पुण्याला आल्या, तेव्हा मोठ्या कौतुकानं त्यांना दाखवलं. पोरगी त्यांच्याच मांडीवर झोपलेली. रिकामी जागा आली तसा वहिनींचा हात आपसूक तिच्या पाठीवर गेला. काळी स्क्रीन आल्यावर त्यांनी फोन उलटा ठेवला.

‘‘भाऊजी, एवढा वेळ रिकामी जागा काहून दाखवता? आधी पोरगी सापडलेली दाखवा ना.’’

काय बोलणार? शेवट त्यांच्या मांडीवर होता, तरी त्या चार सेकंदांनी त्यांना परत त्या गर्दीत नेऊन सोडलं होतं. एडिटरला हवं असतं ते नेमकं हेच. फक्त थिएटरात बसलेला माणूस तिकीट काढून घाबरायला आलेला असतो. वहिनींनी तिकीट काढलं नव्हतं.

त्याच रात्री दुसरी आवृत्ती केली. सुरुवातीलाच आजीच्या मांडीवर गूळ खात बसलेली पोरगी, मग बांगड्या, कळस, नगारा. थ्रिलर म्हणून साफ फ्लॉप! वहिनींनी ती सगळ्या नातेवाइकांना पाठवली. पहिली माझ्या लॅपटॉपमध्येच आहे. कुठेही टाकलेली नाही, टाकणारही नाही.

तर दोस्तांनो, या वीकेंडला ‘शोले’चा तो सीन आवाज बंद करून एकदा आणि आवाजासकट एकदा बघा. कट कुठे पडतो ते मोजा. आणि घरातलं कुणाचं फुटेज एडिट करायला घेतलंत, तर पहिला शो त्यांनाच दाखवा!