रेघ दिसली, पण मागचा निबंध वाचला का?

रसायनीच्या नावातच रसायन आहे. 1960 मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सच्या इथल्या कारखान्यात अ‍ॅनिलिन, नायट्रोबेन्झिन तयार होत असे, तर हिंदुस्थान इन्सेक्टिसाइड्सच्या कारखान्यात डीडीटी. पहिल्या कारखान्याचे बहुतेक विभाग बंद करण्याचा निर्णय केंद्राने 2017 मध्ये घेतला. तिथे उमेदीची वर्षे घालवलेल्या कामगारांना आजचे दुखणे त्या कामामुळे तर नाही ना, अशी शंका येणे स्वाभाविक आहे.

ही शंका आता घरबसल्या संगणकाला विचारता येते. ‘कम्पॅरेटिव्ह टॉक्सिकोजिनोमिक्स डेटाबेस’ रसायन, जनुक आणि आजार यांचे संबंध दाखवतो, ‘स्ट्रिंग’ प्रथिनांचे. दोन्ही मोफत आहेत. ‘स्ट्रिंग’मध्ये नाव टाकले की पडद्यावर गोल आणि त्यांना जोडणाऱ्या रेघांचे जाळे उमटते. चित्र देखणे असते, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो.

मूळ कल्पना मोलाची आहे, यात शंका नाही. शिकागो विद्यापीठातील डॉन स्वानसन यांनी 1986 मध्ये केवळ निबंध वाचून माशाचे तेल आणि थंडीत बोटे पांढरी पडण्याचा ‘रेनॉड’ विकार यांची सांगड घातली. दोन्ही विषयांचे अभ्यासक एकमेकांचे लेखन वाचत नव्हते. रक्ताचा दाटपणा हा त्यांच्यातला समान धागा होता. पुढे रुग्णांवरील चाचणीत त्या तर्काला काही आधारही मिळाला. पण स्वानसन यांनी निबंध वाचले होते.

अ‍ॅनिलिनचेच पाहा. ते शरीरात गेले की रक्तातल्या हिमोग्लोबिनचे मेथहिमोग्लोबिन होते, प्राणवायू पोहोचेनासा होतो, ओठ आणि नखे निळी पडतात. यावर मिथिलीन ब्लूचे इंजेक्शन देतात. मात्र हे औषध चालायला ‘जी-सिक्स-पीडी’ या विकराची साखळी लागते. ज्यांच्यात हा विकर जन्मतःच कमी असतो (आणि राज्यातल्या काही समाजांत अशी माणसे आढळतात) त्यांना औषध लागू पडत नाही. उलट तांबड्या पेशी फुटू शकतात. रसायन आणि जनुकांच्या जाळ्यात मिथिलीन ब्लू आणि ‘जी-सिक्स-पीडी’ यांच्यात रेघ दिसू शकेल. ती तारते की मारते, हे रेघ सांगत नाही.

‘स्ट्रिंग’मधला शून्य ते एक हा गुण पाहूनही अनेकजण फसतात. 0.9 म्हणजे संबंध जबर, असे नव्हे. संबंध असल्याची खात्री तेवढी, इतकाच त्याचा अर्थ. शिवाय काही रेघा यंत्राने निबंध चाळून, दोन नावे वारंवार एकत्र दिसली म्हणून काढलेल्या असतात. ‘संबंध आढळला नाही’ या वाक्यातही दोन्ही नावे एकत्रच असतात! म्हणून रेघेवर क्लिक करावे, मागची वाक्ये उघडावीत. अभ्यास उंदरावर की माणसावर, मात्रा किती, माणसे किती, हे पाहावे. टॉक्सिकोजिनोमिक्सच्या संग्रहात निबंध माणसे वाचून नोंदी करतात. रसायन आजाराशी जोडलेले असेल तर ‘एम’, उपचाराला उपयोगी असेल तर ‘टी’ अशी खूण असते. यापैकी काहीच नसेल तर तो निव्वळ तर्क समजावा.

उलट बाजू अधिक गंभीर आहे. जाळ्यात तेच येते जे छापून आले. पाताळगंगेकाठच्या गावांच्या किंवा निवृत्त कामगारांच्या नोंदी कुणी केल्याच नाहीत, तर तिथे रेघ उमटणार नाही. आणि कोरी जागा पाहून ‘धोका नाही’ असा निष्कर्ष काढणारा अहवालही सहज तयार होईल. सरकारी दवाखान्यांच्या केसपेपरवर वय आणि पत्ता असतो; कोणत्या कारखान्यात, कोणत्या विभागात, किती वर्षे काम केले, यासाठी बहुधा रकाना नसतो. तो छापून घ्यायला सॉफ्टवेअर लागत नाही.