पास वसूल

आपल्याकडे कुणी जपानला निघालं, की ऑफिसातला प्रत्येक जण एकच मंत्र म्हणतो: "जेआर पास घे. डोळे झाकून घे." सल्ला देणारा बहुधा 2018-19च्या सुमारास ऑनसाईटला जाऊन आलेला असतो. त्याच्या काळी तो खराही होता. पण ऑक्टोबर 2023 मध्ये सात दिवसांच्या साध्या पासाची किंमत 29,650 येनवरून एकदम 50,000 येन झाली. आमच्या मंडळींच्या डोक्यातला कॅशे मात्र अजून रिफ्रेश झालेला नाही. (कॅशे आणि कॅश, दोन्ही एकाच वेळी खराब. असो.)

मी पण डोळे झाकून घेतला. एजंटने "तीन पास टाकतो सर" म्हटलं, मी बरं म्हटलं. आई, बाबा आणि मी, मिळून दीड लाख येन.

आता हिशोब बघा. तोक्यो ते क्योतो शिंकान्सेनचं रिझर्व्ह्ड तिकीट माणशी सुमारे 14,000 येन. म्हणजे जाऊन-येऊन 28,000. बहुतेक लोकांची लांबची गाडी एवढीच. बाकी शहरात फिरायला सुईका कार्ड, त्यात मशीनवर रोख येन टाकायचे आणि गेटवर टॅप करायचं, झालं. मग उरलेले 22,000 येन कशाचे? शिवाय सगळ्यात जलद नोझोमी गाडी पासावर फुकट नाहीच, तिला वर वेगळे पैसे. म्हणून तुम्ही हिकारी धरता.

हे मला विमानात कळलं. एक्सेल उघडलं. (इंजिनिअर माणूस, दुसरं काय करणार?) क्योतोहून हिरोशिमा जाऊन-येऊन आणखी सुमारे 23,000. म्हणजे एकूण 51,000. पास वसूल! माणशी हजारेक येन फायदा, आपले सहाएकशे रुपये. झालं, हिरोशिमा ठरलं, तेही एका दिवसात. वाटेत हिमेजीचा किल्ला लागतो, "पासात फुकट" म्हणून तोही टाकला.

मला भांडायचंय ते या 'वसूल' शब्दाशी. पासाचे पैसे खात्यातून गेले तेव्हाच गेले. तुम्ही हॉटेलात झोपून राहिलात तरी तेवढेच गेले, दिवसाला हजार किलोमीटर धावलात तरी तेवढेच. पण आपण बुफेत गळ्यापर्यंत जेवणारी माणसं, रिकामा दिवस दिसला की पोटात गोळा येतो. "पण किती निवांत, प्रत्येक वेळी तिकीट काढायला नको" असा एक बचाव नेहमी येतो. अहो, तिकिटाचं मशीन इंग्रजी बोलतं, पाच मिनिटांत तिकीट हातात. आणि ज्या माणसाला पास वसूल करायचा आहे, तो निवांत असतो हे मी तरी पाहिलेलं नाही.

हाच आजार कार्डाच्या वेळीही दिसतो. हॉटेलच्या मशीनने विचारलं, येन की रुपये? बाबा म्हणाले, "रुपये दाब, किती गेले ते कळतं तरी." कळतं, पण तो भाव तिथल्या मशीनवाल्याने त्याचा नफा घालून लावलेला असतो. येनच दाबायचं. मग आपल्या बँकेचा मार्कअप लागतो, पुष्कळ कार्डांवर साडेतीन टक्के आणि त्या मार्कअपवर 18 टक्के जीएसटी, म्हणजे सव्वाचारच्या थोडं आत. कमी मार्कअपचं कार्ड निघायच्या आधी शोधा, ही खरी बचत. अर्ध्या तासाचं काम. ते मी केलं नव्हतं, एक्सेल मात्र रंगीत होतं.

तर हिरोशिमा. आईला त्या दिवशी कामो नदीच्या काठावर नुसतं बसायचं होतं. आदल्या संध्याकाळी तिथली बदकं तिला आवडली होती. "उद्या परत येऊ या का रे?" मी म्हटलं, उद्या हिरोशिमा आहे.

शांतता संग्रहालयात एक लहान मुलाची तीनचाकी सायकल आहे, जळून गंजलेली. 6 ऑगस्ट 1945 च्या सकाळी तीन वर्षांचा मुलगा तिच्यावर खेळत होता. बाबा तिच्यासमोर थांबले. काही बोलले नाहीत, पुढेही सरकले नाहीत. माझ्या डोक्यात घड्याळ, हिमेजीच्या किल्ल्यात चारनंतर आत सोडत नाहीत. मी त्यांच्या दंडाला हात लावून म्हटलं, "बाबा, चला. गाडी."

ते आले. त्यांचा गुडघा दुखतो, तरी स्टेशनपर्यंत माझ्या वेगाने आले.

हिमेजीच्या फाटकाशी पोचलो तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. फाटक बंद. बाहेरून फोटो काढला. त्यात तिघंही घामाघूम आहोत, आणि बाबा किल्ल्याकडे बघत नाहीयेत.