किडनीची राखण गोळीने नव्हे, तपासणीने

सहेरीच्या दस्तरखानावर आता खजुराच्या शेजारी औषधांचा डबाही दिसतो. देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत, असे आयसीएमआरचा २०२३चा अभ्यास सांगतो. अलीकडे या डब्यात व्हिटॅमिनच्या गोळ्यांची भर पडली आहे. 'शुगर आहे ना, मग किडनीसाठी ताकदीची गोळी घ्या,' असा सल्ला नातेवाईक सहज देतात. हा सल्ला एकदा तपासून पाहायला हवा.

त्याला थोडा आधार आहे. लाहोरमध्ये ४० मधुमेहींवर झालेल्या प्रयोगात तीन महिने थायमिन, म्हणजे व्हिटॅमिन बी-१ दिल्यावर लघवीतून जाणारे अल्ब्युमिन कमी झाले. तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. पण रुग्ण मोजके होते आणि काळही अल्प. पुढच्याच वर्षी कॅनडातील २३८ रुग्णांचा निष्कर्ष आला. फॉलिक अ‍ॅसिड, बी-६ आणि बी-१२ मोठ्या मात्रेत घेणाऱ्यांची किडनी उलट लवकर ढासळली. हृदयविकार आणि पक्षाघातही त्यांच्यात अधिक आढळले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतील तेराशेहून अधिक मधुमेहींवरच्या पाच वर्षांच्या प्रयोगातही व्हिटॅमिन डीने किडनीला ठळक फायदा झाला नाही.

म्हणून व्हिटॅमिन वाईट, असे नव्हे. मेटफॉर्मिन बरीच वर्षे घेतल्याने बी-१२ कमी होऊ शकते. तपासणीत कमतरता दिसली तर गोळी जरूर घ्यावी, पण डॉक्टरांना विचारून.

मधुमेहाने किडनी बिघडू लागते तेव्हा काहीच दुखत नाही. पायाला सूज येते तोवर उशीर झालेला असतो. लघवीतील अल्ब्युमिनची तपासणी मात्र हा बिघाड आधी दाखवते. ती वर्षातून एकदा व्हावी, सोबत रक्तातील क्रिएटिनिनही पाहावे. साखर आणि रक्तदाब आटोक्यात ठेवला, तंबाखू सोडली तर किडनी बरीच वाचते. आपल्या बीड जिल्ह्यातून हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात. महिनोन् महिने तपासणी नाही आणि अंग दुखले की वेदनाशामक गोळी. मधुमेहीच्या किडनीवर हा दुहेरी मार आहे.

रोजाबाबतही स्पष्ट बोलले पाहिजे. आजारी माणसाला कुरआनने सवलत दिली आहे; रोजे नंतर पूर्ण करता येतात, ते शक्य नसेल तर फिदिया आहे. बोटाला सुई टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलेमा मानतात. साखर ७०च्या खाली किंवा ३००च्या वर गेली तर रोजा सोडावा, असे तज्ज्ञ सांगतात. किडनी बिघडलेल्यांनी रोजा ठेवण्यापूर्वीच डॉक्टरांना भेटावे. एकादशी किंवा नवरात्राचे उपवास करणाऱ्या मधुमेही बंधू-भगिनींनीही ही काळजी घ्यावी.

शहरात इफ्तारचे कार्यक्रम होतात, फलक लागतात. त्या खर्चातला थोडा भाग मशीद कमिट्यांनी आणि मंडळांनी मिळून लघवी-रक्त तपासणीच्या शिबिरासाठी काढावा. डायलिसिसची वेळ आली की आठवड्यातून दोन-तीनदा चार-चार तास यंत्राला जोडून घ्यावे लागते. रोजंदारीवरच्या घराला ते पेलत नाही. वर्षातून एक तपासणी मात्र पेलते.