सैल दस्ता आणि पाचर

घरांतील लहानसहान दुरुस्त्यांविषयीं या सदरांत आम्ही वेळोवेळीं लिहीत आलों आहों. यावेळची वस्तु पाहून कांहीं वाचकांच्या कपाळास आठ्या पडतील, कारण ती आहे खेळांतली बंदूक. परंतु जेथें दहा-बारा माणसें एकत्र नांदतात आणि तीन-चार मुलें वाढतात, तेथें अशी वस्तु केव्हां ना केव्हां येतेच. आलेली वस्तु सैल असली, तर तिच्याकडे डोळेझांक करणें धोक्याचें असतें.

गेल्या वैशाखांत आम्ही वडील बंधूंच्या बिऱ्हाडीं जव्हारास गेलों होतों. तेथें आमच्या पुतण्यास त्याच्या मामांनीं 'एअरसॉफ्ट' जातीची बंदूक दिलेली होती. हा प्रकार मूळचा जपानांतला. त्या देशांत शस्त्रांवर कडक निर्बंध असल्यामुळें हौशी लोकांसाठीं १९७०च्या सुमारास अशा बंदुका निघाल्या, आणि १९९१ सालीं टोकियो मारुई या कारखान्यानें विजेच्या घटावर चालणारी पहिली बंदूक विक्रीस आणली. तींतून ६ मिलिमीटर व्यासाची प्लॅस्टिकची गोळी हवेच्या दाबानें सुटते. गोळीचें वजन बहुधा पाव ग्रॅमाच्या आंतच असतें, तरी ०.२ ग्रॅमाची गोळी सेकंदास १०० मीटर वेगानें निघाली, तर तिचा जोर १ जूल भरतो. कातडीवर तिचा वळ उठेल. डोळ्यावर बसली तर डोळा जाईल. खुद्द जपाननें २००६ सालीं ही मर्यादा कायद्यानें ०.९८ जूल ठरविली, ती उगीच नव्हे.

आमच्या पुतण्याच्या बंदुकीचा प्लॅस्टिकचा दस्ता, म्हणजे खांद्यास टेकावयाचा मागचा भाग, डुगडुगत होता. परसांत डबा मांडून नेमबाजी चालली असतां दस्ता कलला, नेम चुकला आणि गोळी तुळशीवृंदावनावर आपटली. चार हातांवर आमची धाकटी पुतणी फुलें वेंचीत होती. तिला कांहीं झालें नाहीं. पण मातोश्रींनीं बंदूक कपाटांत टाकून किल्ली कनवटीस लावली, आणि मुलगा दोन दिवस धड जेवला नाहीं.

बंधूंचें मत, झटपट चिकटणाऱ्या गोंदानें दस्ता कायमचा बसवून टाकावा. आम्हीं त्यांना थांबविलें, कारण त्या दस्त्याच्या पोटांतच विजेचा घट बसतो. दस्ता चिकटला कीं घट काढतां येणार नाहीं. शिवाय तो गोंद वाळल्यावर ठिसूळ होतो व हिसक्यानें सुटतो. एवढें शहाणपण दाखवून मग चूक आम्हींच केली! फटींत बांबूची कामटी ठोकली. तिसऱ्या ठोक्यास प्लॅस्टिकला उभा तडा गेला. पुतण्या आमच्याकडे पाहून नुसता म्हणाला, "काका, आतां?" या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं कामानिमित्त आम्ही मोखाड्यास गेलों, तेव्हां त्यालाही बरोबर घेतलें. तेथें एक वयोवृद्ध वारली गृहस्थ अंगणांत कुऱ्हाडीचा दांडा बसवीत होते. दांडा धामणीचा, हें लाकूड चिवट व लवचिक, म्हणून दांड्यास फार चांगलें. आम्हीं विचारलें, "बाबा, सैल दांडा पाण्यांत भिजत ठेवला तर घट्ट होतो ना?" त्यांनीं मान हालविली. भिजलेलें लाकूड फुगतें, पण लोखंडाच्या भोंकांत त्यास फुगावयास जागा नसते. त्याचे तंतू तेथें चेंगरतात, आणि वाळल्यावर दांडा पूर्वीहून सैल होतो. दांड्याच्या डोक्यास चीर पाडून तींत पाचर मारावी, हाच खरा उपाय. मग त्यांनीं आमचा तडकलेला दस्ता हातांत घेऊन पाहिला, आणि याला पाचर चालावयाची नाहीं, एवढेंच म्हणाले.

त्याचें कारण आम्हांस त्याच रात्रीं उमगलें. ते बोहाड्याचे दिवस होते. एका सोंगाचा मुखवटा नाचतांना ढळूं लागला. नाचणाऱ्यानें बाजूस होऊन डोक्यास फडक्याचा आणखी एक वेढा घेतला, मुखवटा पुन्हां चढविला, आणि तो रिंगणांत परतला. लांकडाचे तंतू दबतात आणि पाचरेस धरून ठेवतात; प्लॅस्टिकच्या पातळ कवचांत ती सोय नाहीं. तेथें एका जागीं जोर आला कीं तडा जातो. म्हणून फट थोडी थोडी, सगळीकडून सारखी भरावयाची.

जव्हारास परतल्यावर चुलत्या-पुतण्यांनीं मिळून काम केलें, तें असें:

१. प्रथम गोळ्यांची पेटी काढली. डोळ्यांवर चष्मा चढवून, जवळपास कोणी नाहीं असें पाहून, मातीच्या ढिगावर दोन-तीन रिकामे बार काढले, कारण पेटी काढली तरी नळींत गोळी राहूं शकते. मग घट काढला.

२. सैलपणा कोठें आहे तें पाहिलें. मागची नळीच हालत असती, तर तिच्या आंतील लांब स्क्रू आवळणें एवढेंच काम होतें. आमची नळी पक्की होती. दस्ता तिच्यावर हालत होता.

३. फटींत कागदाच्या पट्ट्या सारून माप घेतलें. वरच्या अंगास तीन कागद मावले, बाजूंस एकेक.

४. नळी कोरडी पुसून, विजेच्या तारांस गुंडाळतात ती चिकटपट्टी, अरुंद कापून, त्या मापानें लांबीच्या दिशेनें लावली. दस्ता अडकण्याच्या खांचा मोकळ्या ठेवल्या.

५. दस्ता केवळ हाताच्या दाबानें चढविला. हातोडीची गरज भासली असती, तर एक पट्टी कमी केली असती.

६. तडा जेथें संपत होता तेथें तापलेल्या सुईनें बारीक भोंक पाडलें, म्हणजे तो पुढें सरकत नाहीं.

प्लॅस्टिकमधील स्क्रू पुन्हां बसवितांना तो आधीं उलटा फिरवावा. जुन्या आट्यांत पडल्याची बारीकशी टिचकी लागली, कीं मग सुलटा आवळावा. नाहीं तर आटे झिजून भोंक निकामी होतें.

खर्च म्हणाल तर चिकटपट्टीचा, आणि वेळ एका दुपारचा. परंतु दस्ता घट्ट झाला म्हणून मातोश्रींनीं किल्ली दिली नाहीं. निशाण परसांतून हालवून गांवाबाहेरच्या ओसाड दरडीपाशीं नेलें, प्रत्येकास डोळ्यांवर चष्मा सक्तीचा केला, आणि वडील माणूस बरोबर असल्याखेरीज बंदूक बाहेर काढावयाची नाहीं असें ठरलें, तेव्हां किल्ली मिळाली. ह्या अटी पुतण्यानें आपण होऊन कागदावर लिहिल्या, आणि खालीं सही केली.

निघतांना त्यानें तो तडकलेला भाग आम्हांस दाखविला व हंसून म्हणाला, "काका, तुमची पाचर अजून आंत आहे." खरेंच, कामटीचा एक तुकडा आंत अडकून राहिला आहे. तो आम्हीं मुद्दामच काढला नाहीं. पुढच्या वेळीं हातोडीकडे हात गेला, तर तोच आठवण देईल.