केसाला लावायचे ते पापणीला

आमच्या घराण्यात पापण्यांची उणीव नाही. पण त्या खाली झुकलेल्या. माझ्या लग्नाच्या फोटोत मी उभ्या उभ्या झोपलेला दिसतो, तो या पापण्यांमुळे, असे माझे म्हणणे आहे. आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे निराळे आहे. पण तो या सदराचा विषय नव्हे.

हा वारसा माझ्या लातूरच्या भाचीकडेही गेला. गेल्या मार्गशीर्षात तिचे लग्न होते. आईला घेऊन आम्ही उभयता आठवडाभर आधीच नांदेडहून निघालो. लोहा, अहमदपूर, चाकूर करीत एस. टी.ने लातूर गाठले, तर घरात चर्चा बस्त्याची नव्हे, जेवणाचीही नव्हे, पापण्यांची! ताईने गंजगोलाईतून आणलेला हिरवा चुडा कोपऱ्यात तसाच पडलेला. भाचीने पार्लरमध्ये जाऊन ‘लॅश लिफ्ट’ करून घ्यायचे ठरवले होते आणि त्यावर ज्याचे त्याचे मत तयार होते.

ताई म्हणाली, “डोळ्याला चिरा देऊन पापणी वर घेतात म्हणे. काय करायलीस हे लग्नाच्या तोंडावर?”

शेजारच्या काकू म्हणाल्या, “छे हो, नकली केस चिकटवतात.”

आई म्हणाली, “त्यापेक्षा एरंडेल लाव, पोरी. लहानपणीच पापण्या कातरल्या असत्या तर दाट आल्या असत्या. पण तुझ्या आईनं माझं ऐकलं नाही.”

निम्मा गोंधळ आपल्या भाषेचा आहे. डोळ्यावरची कातडीची झाकणी तीही पापणी नि तिच्या कडेचे केस तेही पापणीच. संस्कृताने केसांना ‘पक्ष्म’ हा वेगळा शब्द ठेवला. आपण काटकसर केली. म्हणून ‘पापणी उचलतात’ म्हटले की ताईला सुरी दिसते.

प्रत्यक्षात सुरी नाही नि नकली केसही नाहीत. मिटलेल्या पापणीवर सिलिकोनची बारीक वळणदार पट्टी बसवतात आणि आपलेच केस तिच्यावर चिकटवतात. मग एक औषध लावतात, बहुधा थायोग्लायकोलेटचे. केस ज्या केराटिनचा बनलेला असतो, त्यातले गंधकाचे बंध या औषधाने सुटतात. केस मऊ पडून पट्टीचे वळण घेतो आणि दुसऱ्या औषधाने ते बंध पुन्हा जुळवतात. डोक्याचे केस कुरळे करण्याची ‘पर्म’ची जी विद्या, तीच ही.

यात केस एका सुताने लांब होत नाही. वाकल्यामुळे दिसतो एवढेच. आणि ही करामत कायमचीही नाही. पापणीच्या केसाचे आयुष्यच काही महिन्यांचे. जुने गळतात, नवे सरळ उगवतात, आणि सहा-आठ आठवड्यांत सारे पूर्ववत.

आईचे म्हणणेही तपासले पाहिजे. त्वचेबाहेरचा केस निर्जीव असतो. त्याला कातरल्याची बातमी मुळापर्यंत पोचत नाही. एरंडेलाने केस तुकतुकीत दिसतो, पण वाढतो याला भक्कम पुरावा नाही. काचबिंदूच्या बायमॅटोप्रोस्ट नावाच्या थेंबांनी पापण्या खरोखर वाढतात, असे आढळले, आणि २००८ साली अमेरिकेत त्यासाठी परवानगीही मिळाली. पण ते औषध आहे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेण्याची वस्तू नव्हे.

शिवाय लांब म्हणजे चांगले, हे तरी कोणी ठरवले? जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी २०१५ साली २२ सस्तन प्राण्यांच्या पापण्या मोजल्या. त्यांची लांबी डोळ्याच्या रुंदीच्या एक-तृतीयांशाच्या आसपास निघाली. तेवढ्या पापण्या वारा नि धूळ अडवतात, डोळा ओला ठेवतात. त्याहून लांब झाल्या की उलट वारा आत ओढू लागतात. देवाने माप बरोबर घेतले होते.

येथवर सारे गमतीचे चालले होते. संध्याकाळी मात्र भाचीची मैत्रीण आली नि म्हणाली, “वळण देऊन काय उपयोग? पापण्या भुऱ्या आहेत. काळ्या केल्या पाहिजेत. पार्लरचा रंग महाग. हे पाकीट आहेच की! केसांचाच रंग, आणि पापण्याही केसच.”

तर्क न्यायशास्त्राच्या तासाला शोभणारा. पण माझे लक्ष पाकिटाकडे होते. ते माझ्या पिशवीतून निघाले होते! माझ्या काळ्याभोर केसांचे रहस्य साऱ्या वऱ्हाडासमोर फुटले. मैत्रीण म्हणाली, “मामा, तुम्ही प्राध्यापक. किती पाणी घालायचं ते वाचून सांगा.”

मी वाचू लागलो. पाण्याचे प्रमाण सापडण्याआधी मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरातली सूचना सापडली. भुवयांना वा पापण्यांना हा रंग लावू नये. लावल्यास अंधत्व येऊ शकते. माझ्या हातापायांतले बळ गेले. पंधरा वर्षे मी हे पाकीट आणतो आहे. तळटीपा वाचा म्हणून विद्यार्थ्यांच्या कानीकपाळी ओरडतो आहे. आणि ही ओळ मी कधी वाचली नव्हती.

ती ओळ कंपनीने हौसेने छापलेली नाही. पॅराफिनिलीनडायअमीन वगैरे द्रव्यांच्या केसरंगांवर ती छापलीच पाहिजे, असा आपल्याकडे नियम आहे. आणि तिची किंमत कोणी तरी आधी मोजलेली आहे. १९३३ च्या सुमारास अमेरिकेत ‘लॅश लुअर’ नावाचा पापण्यांचा रंग मिळे. त्यात हेच द्रव्य होते. कित्येक बायकांच्या डोळ्यांना इजा झाली, दृष्टी गेली, एक मृत्यूही झाला. त्या काळी तिथे प्रसाधनांवर देशाचा कायदाच नव्हता. तो १९३८ साली झाला.

मी सूचना मोठ्याने वाचली. मैत्रिणीने पाकीट मुकाट्याने खाली ठेवले. भाचीच्या डोळ्यांत पाणी आले. ते त्या डोळ्यांत येऊ शकत होते, याचेच मला त्या क्षणी अप्रूप वाटले.

रंग रद्द झाला. वळणाचा हट्ट राहिला, तो आम्ही मोडला नाही. एवढेच केले की, आधी कानामागे औषधाचा ठिपका लावून दोन दिवस वाट पाहायला लावली. खाज नाही, लाली नाही, असे पाहूनच पुढचे काम झाले. डोळा चुरचुरला तर लगेच सांग, स्वच्छ पाण्याने धू आणि थेट नेत्रतज्ज्ञाकडे चल, असे ताईने चार वेळा बजावले.

दमयंतीच्या स्वयंवरात नळाचे रूप घेऊन चार देव बसले होते. तिने खरा नळ ओळखला, कारण देवांच्या पापण्या लवत नाहीत, माणसाच्या लवतात. अंतरपाट दूर झाला तेव्हा भाचीच्या पापण्या लवल्या, आणि फोटोग्राफरने नेमका तोच क्षण टिपला. घराण्याची परंपरा राहिली.

रथसप्तमीच्या सुमारास ती नांदेडला आली तेव्हा वळण उतरले होते. जावईबापूंच्या ते ध्यानातही आले नव्हते.

वाचकहो, या दिवाळीत अभ्यंगस्नानाच्या आदल्या दिवशी पुष्कळ घरांत ते पाकीट उघडेल. उघडणाऱ्याचे नाव मी विचारणार नाही. फक्त ती बारीक ओळ घरातल्या मुलींना एकदा मोठ्याने वाचून दाखवा. मी हल्ली चष्मा लावून वाचतो.