पत्ता बदललेला पक्षी

मस्तगडाखाली कुंडलिकेच्या काठी तो वटवट्या दिसला, त्याला आता दोन हिवाळे झाले. पाणकणसात एक तपकिरी जीव, चोच जरा जास्तच लांब, मधूनच 'चक्' असा कोरडा आवाज. मी आणि माझा मित्र नाकाला रुमाल लावून अर्धा तास उभे होतो. त्याला चार फोटो मिळाले, मला वहीत सहा ओळी. संध्याकाळी ग्रुपवर फोटो पडला. खाली एका दुर्मीळ जातीचं नाव आणि ठिकाण: घाणेवाडी तलाव!

विचारलं तर म्हणाला, "अरे, गटारातला पक्षी कोण मानणार? आणि एवढ्याशा अंतरानं काय बिघडतं?"

मी गप्प बसलो. वर अंगठाही दिला. चुकलंच माझं, कारण बिघडतं.

१३ नोव्हेंबर १८६७ रोजी ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूमनं सतलजच्या खोऱ्यात एक वटवट्या टिपला. मोठ्या चोचीचा बोरू वटवट्या. पुढे २००६ मध्ये थायलंडात जिवंत पक्षी जाळ्यात सापडेपर्यंत, म्हणजे १३९ वर्षं, या जातीचा आधार तेवढं एक कातडं आणि त्याची चिठ्ठी. आपल्याकडे हिवाळ्यात सर्रास येणाऱ्या ब्लिथच्या वटवट्याशी तो इतका मिळताजुळता, की २००६ मध्येही खात्री पटायला मोजमापं आणि डीएनए लागलं. आणि आमचे लोक मोबाइलवर फोटो मोठा करून निकाल देतात!

उलट उदाहरण तर महाराष्ट्राचंच आहे. रिचर्ड माइनर्ट्झहागेननं संग्रहालयातला दुसऱ्याचा रानपिंगळा चोरला आणि १९१४ साली आपणच गुजरातेत मांडवीजवळ मिळवला, अशी चिठ्ठी लावली. पामेला रासमुसेन यांनी ती थाप ओळखली, मांडवी बाजूला ठेवली, एकोणिसाव्या शतकातल्या खऱ्या नोंदींच्या मागावर निघाल्या आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ त्यांना व त्यांच्या साथीदारांना जिवंत रानपिंगळा दिसला. तोवर ११३ वर्षं गेली होती.

माझा मित्र काही माइनर्ट्झहागेन नाही, भला माणूस आहे. पण चिठ्ठी बदलली ती बदललीच. काही जण म्हणतील, घरट्याची जागा आपण लपवतोच ना? लपवावीच. न सांगणं वेगळं आणि दुसरीच सांगणं वेगळं. आणि इथे लपवायचं होतं ते काय, तर वास!

उद्या नदीत जेसीबी उतरेल, पाणकणीस आणि वेड्या बाभळी एका दिवसात साफ होतील, आणि कोणी विचारलं की इथे काय होतं, तर आम्हा पक्षीमित्रांच्याच नोंदी सांगतील: काही नाही, पक्षी घाणेवाडीला असतात. तलावाला नोंदींची ददात नाही. कुंडलिकेकडे तेवढी एक होती.

परवा मी वही काढली आणि दुरुस्ती टाकली. ठिकाण: मस्तगड, कुंडलिकेचा काठ, सांडपाण्याचा ओघळ, पाणकणीस. आवाज: 'चक्', एकेरी. जात: बोरू वटवट्यांपैकी, नक्की सांगता येत नाही.

ग्रुपवर दोघांनी विचारलं, मग दुर्मीळ नाहीच का? मित्र अजून बोललेला नाही.